लिनक्स ड्रायव्हरमध्ये हार्डवेअरचं कॉन्फिगरेशन सुरक्षितपणे कसं वाचायचं

पुण्यात ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा लिनक्सच्या गाभ्यातला (कर्नलमधला) कोड, लिहिणाऱ्यांची कमी नाही. हिंजवडी, बाणेर, खराडी इथे स्टोरेज, नेटवर्किंग आणि गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम करणाऱ्या टीम आहेत. सी-डॅकच्या एम्बेडेड डिप्लोमातून नवी मुलं बाहेर पडत असतात. त्यातल्या अनेकांच्या वाट्याला पहिलं काम येतं ते असं : ‘कार्डाचं व्हर्जन रजिस्टरमधून वाच आणि लॉगमध्ये टाक.’ रजिस्टर म्हणजे डिव्हाइसच्या आतली, ठरलेल्या पत्त्यावरची छोटी जागा. काम सोपं दिसतं. आपण काही लिहीत नाही, नुसतं वाचतोय, मग बिघडणार काय? कोड रिव्ह्यूमध्येही हीच समजूत दिसते. रजिस्टरमध्ये लिहिणाऱ्या ओळीवर चार जण बोट ठेवतात, वाचणारी ओळ मात्र कुणी न बघता पुढे जाते.

माझा आग्रह उलटा आहे. वाचणाऱ्या ओळीकडे जास्त लक्ष द्या. मेमरीतलं व्हेरिएबल वाचणं वेगळं आणि हार्डवेअर वाचणं वेगळं. हार्डवेअरचं वाचन हा बसवरून (सीपीयू आणि डिव्हाइस जोडणाऱ्या वाटेवरून) पाठवलेला प्रश्न असतो. त्याचं उत्तर खरंच त्या डिव्हाइसनं दिलं का, उत्तर धड आहे का, आणि विचारल्यामुळे आत काही बदललं का, हे तीनही तपासल्याशिवाय आलेल्या आकड्यावर काही उभं करू नये.

इथे मुख्यतः पीसीआय आणि पीसीआय एक्स्प्रेस (कॉम्प्युटरमध्ये कार्डं जोडण्याच्या बस) डिव्हाइसबद्दल लिहितो, शेवटाकडे आर्म बोर्डांवरच्या डिव्हाइस ट्रीबद्दल, म्हणजे बोर्डावर काय काय आहे याच्या वर्णनाबद्दल. फंक्शनांची नावं देवनागरीत दिली आहेत, कोडमध्ये तीच नावं रोमन अक्षरांत टाइप करायची.

सरावासाठी काय लागतं

लॅपटॉप पुरतो. क्यूएमू या एम्युलेटरमध्ये ‘ईडीयू’ नावाचं, शिकण्यासाठीच बनवलेलं एक पीसीआय डिव्हाइस आहे. क्यूएमू सुरू करताना ‘-डिव्हाइस ईडीयू’ एवढं जोडलं की व्हर्च्युअल मशीनच्या आत ‘एलएसपीसीआय -एनएन’ या कमांडला हेक्स (१६ च्या पायात) १२३४:११ई८ असं एक कार्ड दिसू लागतं. त्याच्या पहिल्या बारमागे (बार म्हणजे कार्डाच्या जागेचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) १ एमबी जागा असते. तिथे ऑफसेट ० वर, म्हणजे जागेच्या अगदी सुरुवातीला, ओळख क्रमांक आहे, हेक्स ०१००००ईडी. ऑफसेट ४ वर जे लिहाल त्याचं प्रत्येक बिट उलटं करून ते परत देतं : १२३४५६७८ लिहा, ईडीसीबीए९८७ वाचा. ‘कार्ड जिवंत आहे का’ हे तपासायला एवढं साधं रजिस्टर खऱ्या हार्डवेअरवर क्वचितच मिळतं.

खरं कार्ड हवंच असेल तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि जुन्या कॉम्प्युटरची दुकानं धुंडाळा, एखादं जुनं नेटवर्क कार्ड सरावाला पुरेसं आहे. मात्र ऑफिसमधल्या चालत्या सर्व्हरवर हे प्रयोग करू नका. काही कार्डं कॉन्फिग स्पेसचा (कार्डाची ओळख आणि सेटिंग्ज ठेवणाऱ्या जागेचा) भलताच भाग वाचला तरी अडकून बसतात. म्हणूनच साध्या युजरला सिसएफएसमधून (कर्नल डिव्हाइसची माहिती फाइलींच्या रूपात दाखवतं तिथून) कॉन्फिगचे पहिले ६४ बाइटच दिसतात, आणि ‘एलएसपीसीआय -एक्सएक्सएक्स’नं सगळं पाहायला रूट व्हावं लागतं.

पहिली पायरी : कर्नलनं आधीच वाचलेलं पुन्हा वाचू नका

बूट होताना कर्नल बसवरचं प्रत्येक डिव्हाइस शोधतं आणि त्याची माहिती पीसीआय_डेव्ह या स्ट्रक्चरमध्ये भरून ठेवतं. व्हेंडर, डिव्हाइस, सबसिस्टिम, क्लास, रिव्हिजन हे सगळं तुमच्या प्रोब फंक्शनला (कार्ड सापडल्यावर कर्नल बोलावतं ते) तयार मिळतं. तरी नव्या कोडमध्ये कुणीतरी हेक्स १० या ऑफसेटवरून बार स्वतः वाचलेला सापडतोच.

त्यात दोन धोके आहेत. बारमधला पत्ता बसच्या बाजूचा असतो. सीपीयूला तीच जागा वेगळ्या पत्त्यावर दिसू शकते. एक्स८६ मशीनवर दोन्ही बहुतेक वेळा सारखे असल्यामुळे कोड चालतो, आणि तोच कोड दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर नेला की मोडतो. दुसरा धोका लांबीचा. बारची लांबी कळण्यासाठी त्यात सगळी बिटं १ लिहायची, परत वाचायचं, मग मूळ पत्ता जागेवर ठेवायचा, अशी रीत आहे. त्या मधल्या काळात कार्ड भलत्याच पत्त्यावर बोलत असतं, म्हणून कर्नल आधी कमांड रजिस्टरमधून त्याचं डिकोडिंग (पत्त्यांना उत्तर देणं) बंद करतं. चालत्या मशीनमध्ये ड्रायव्हरनं हे करायला जाऊ नये. पत्त्यासाठी पीसीआय_रिसोर्स_स्टार्ट, लांबीसाठी पीसीआय_रिसोर्स_लेन, बस.

इंटरप्टचंही (कार्ड सीपीयूला देतं त्या हाकेचंही) तसंच. हेक्स ३सी वरचं इंटरप्ट लाइन रजिस्टर म्हणजे फर्मवेअरनं लिहून ठेवलेली नोंद. खरा इंटरप्ट क्रमांक त्यावरून ठरवायचा नाही. पीसीआय_अलॉक_आयआरक्यू_व्हेक्टर्स वापरा आणि क्रमांक पीसीआय_आयआरक्यू_व्हेक्टरला विचारा.

शिवाय काही कार्डं स्वतःबद्दल चुकीची माहिती सांगतात आणि कर्नलमध्ये त्यांच्यासाठी खास दुरुस्त्या असतात. त्यांना ‘क्वर्क’ म्हणतात. तुम्ही थेट कार्डाला विचारलंत की या दुरुस्त्यांना वळसा पडतो.

दुसरी पायरी : परत आलेला कोड तपासा, आणि नीट तपासा

जे स्ट्रक्चरमध्ये नाही तेवढंच पीसीआय_रीड_कॉन्फिग_बाइट, वर्ड किंवा डीवर्डनं वाचायचं. रुंदी रजिस्टरच्या रुंदीइतकीच घ्यायची. वर्ड (२ बाइट) सम ऑफसेटवरून वाचायचा, डीवर्ड (४ बाइट) ४ नं भाग जाणाऱ्या ऑफसेटवरून. बाइटांचा क्रम हे फंक्शन सांभाळतं, आपण वेगळी उलटापालट करायची नाही.

इथला सापळा मला सगळ्यात घातक वाटतो. कर्नलमध्ये एरर म्हणजे ऋण संख्या, ही सवय हाताला बसलेली असते. या फंक्शनांच्या एरर मात्र धन असतात, जुन्या बायॉसच्या काळातल्या : डिव्हाइस सापडलं नाही तर हेक्स ८६, ऑफसेट चुकीचा असेल तर हेक्स ८७. त्यामुळे ‘शून्यापेक्षा कमी आहे का’ अशी तपासणी लिहिली तर ती कधीच लागू होत नाही. त्याहून वाईट म्हणजे तोच धन आकडा प्रोबमधून तसाच परत केला, तर पीसीआय कोअर लॉगमध्ये एक इशारा छापतं आणि प्रोब यशस्वी झालं असं धरतं. म्हणजे वाचन फसलं, तरी ड्रायव्हर कार्डाला जोडला गेला. म्हणून तपासणी ‘शून्य आहे की नाही’ अशी लिहा आणि वर पाठवण्याआधी तो आकडा पीसीबायॉस_एरर_टू_एररनो मधून काढा.

तिसरी पायरी : सगळी बिटं १ आली तर थांबा

परतीचा कोड शून्य आला म्हणजे उत्तर खरं, असंही नाही. पीसीआय एक्स्प्रेसवर डिव्हाइस निघून गेलं असेल, लिंक तुटली असेल किंवा कार्ड झोपलेलं असेल, तर वाचनाला उत्तर द्यायला पलीकडे कुणी नसतं. पण सीपीयूची लोड इन्स्ट्रक्शन काहीतरी किंमत मागत असते. तेव्हा बहुतेक प्लॅटफॉर्मवर रूट कॉम्प्लेक्स (सीपीयूला पीसीआय एक्स्प्रेसशी जोडणारा भाग) स्वतःच सगळी बिटं १ असलेली किंमत बनवून देतो. ८ बिटांत एफएफ, १६ बिटांत एफएफएफएफ, ३२ बिटांत आठ वेळा एफ. व्हेंडर आयडी एफएफएफएफ कुणालाही दिलेला नाही तो यासाठीच. काही आर्म चिपांवर तर किंमतही मिळत नाही, थेट बस अ‍ॅबॉर्ट होतो आणि कर्नल कोसळतं.

या किमतीचं वाईट असं की ती निरोगी दिसते. ‘लिंक चालू’ हे बिट १, ‘रेडी’ हे बिट १, ‘फर्मवेअर लोड झालं’ हेही १. मेलेलं कार्ड सगळ्या प्रश्नांना ‘हो’ म्हणतं.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा एका ३२ बिटी रजिस्टरमध्ये १६ ते १९ या बिटांत रांगांची (डेटाच्या क्यूंची) संख्या आहे. नेहमीचा कोड रजिस्टर वाचतो, १६ बिटं उजवीकडे सरकवतो, एफनं मास्क करतो (फक्त शेवटची ४ बिटं ठेवतो) आणि आलेल्या आकड्याइतक्या रांगांसाठी मेमरी घेतो. कार्ड गायब असेल तर त्याला १५ मिळतात. १५ हा आकडा अगदी शक्य वाटणारा आहे, कुणाला संशय येणार नाही. मास्क लावताच ‘सगळी बिटं १’ ही एकमेव खूण पुसली गेलेली असते. म्हणून क्रम पक्का ठेवा : आधी पूर्ण किंमत एका लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या, ती सगळी १ आहे का ते पाहा, आणि मगच सरकवा, मास्क करा. कर्नलमध्ये यासाठी पीसीआय_पॉसिबल_एरर हा मॅक्रो आहे.

मॅक्रोच्या नावात ‘पॉसिबल’ आहे, कारण काही रजिस्टरांत सगळी बिटं १ ही खरी किंमतही असू शकते. संशय आला तर पीसीआय_डिव्हाइस_इज_प्रेझेंट वापरून खात्री करा. ते व्हेंडर आयडी पुन्हा वाचतं. तो वाचता आला तर कार्ड आहे, नाही आला तर एनोडेव्ह (‘डिव्हाइस नाही’ ही एरर) देऊन बाहेर पडा.

ईडीयूवर हे पाहता येतं. त्याच्या ऑफसेट हेक्स ०सी वर काहीच नेमलेलं नाही. तिथून ३२ बिटं वाचा, सगळी १ येतील. तुमच्या कोडला त्या जागी ‘रांगांची संख्या’ वाचायला लावा आणि तो काय करतो ते लॉगमध्ये बघा.

चौथी पायरी : कार्ड जागं आहे ना?

वापर नसताना कर्नल डिव्हाइसची वीज कमी करतं. डी३कोल्ड अवस्थेत तर पुरवठाच बंद असतो, तेव्हा कॉन्फिग स्पेससुद्धा उत्तर देत नाही. त्यामुळे प्रोबच्या बाहेरून, म्हणजे सिसएफएसची फाइल, आयऑक्टल (प्रोग्रामनं ड्रायव्हरला दिलेली आज्ञा), टायमर यांतून वाचताना आधी पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट, ते यशस्वी झालं तरच वाचन, आणि शेवटी पीएम_रनटाइम_पुट.

गाड्यांच्या बोर्डांवर काम करणाऱ्यांनी इथे जास्त काळजी घ्यावी. चिपच्या आतल्या एखाद्या ब्लॉकचं क्लॉक बंद असताना त्याचं रजिस्टर वाचलं तर अनेक चिपांवर पूर्ण बसच अडकते. लॉगमध्ये एक ओळही येत नाही, बोर्ड जागच्या जागी गोठतो. आधी क्लॉक, मग रिसेट सोडणं, मग वाचन.

पाचवी पायरी : बार मॅप करून रजिस्टर वाचणं

क्रम असा : पीसीआयएम_एनेबल_डिव्हाइस, मग रीजन मागून घेणं (बारची जागा आपल्या नावावर करणं), मग पीसीआय_रिसोर्स_लेननं लांबी पाहणं. तुमचं शेवटचं रजिस्टर त्या लांबीत बसत नसेल तर तिथूनच परत फिरा. एनेबल करण्याआधी मेमरी डिकोडिंग चालू असेल याची खात्री नसते, म्हणून बारमधलं काहीही त्याआधी वाचू नका.

मॅपिंगनंतर (बारची जागा कर्नलच्या पत्त्यांवर आणल्यावर) मिळणारा पॉइंटर साध्या पॉइंटरसारखा वापरायचा नाही. रीडएल (३२ बिटं वाचणारं कर्नलचं फंक्शन) वापरा. कंपायलर साध्या वाचनाचे दोन तुकडे करू शकतो, दोनदा वाचू शकतो किंवा ते गाळूही शकतो. पॉइंटरवर __आयओमेम ही खूण ठेवा आणि बिल्ड ‘मेक सी=१’नं चालवा. स्पार्स हे टूल अशा चुका लगेच दाखवतं, फुकट आहे, आणि तरी किती टीम ते वापरतच नाहीत.

रुंदी इथेही महत्त्वाची. ईडीयूच्या हेक्स ८० च्या खालच्या सगळ्या रजिस्टरांना ४ बाइटांचंच वाचन चालतं. तिथे ओळख क्रमांक रीडक्यूनं, म्हणजे ८ बाइटांत वाचून पाहा. कोड निमूट पुढे जातो, एरर येत नाही, पण हाती आलेला आकडा ओळख क्रमांक नसतो. डेटाशीटमधला ‘अ‍ॅक्सेस’ हा कॉलम नुसता चाळायचा नाही तो यासाठी.

त्याच कॉलममध्ये ‘वाचल्यावर क्लिअर’ असं लिहिलेली रजिस्टरं शोधून वेगळी यादी करा. इंटेलच्या जुन्या ई१००० कार्डांत इंटरप्टचं कारण सांगणारं रजिस्टर वाचलं की पुसलं जातं, आकडेवारीचे काउंटरही तसेच. अशा रजिस्टराला डीबगसाठी सहज म्हणून वाचणारी एक ओळ टाकली, की खऱ्या इंटरप्ट हँडलरसाठी काही उरत नाही.

मॅपिंग गरजेपुरतंच करा, याचं कारण २००८ साली दिसलं. लिनक्स २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांवर ई१०००ई ड्रायव्हरच्या काही नेटवर्क कार्डांची नॉनव्होलटाइल (वीज गेली तरी टिकणारी) मेमरी बिघडू लागली, कार्डं निकामी झाली. दोष ड्रायव्हरचा नव्हता. एफट्रेस ही फंक्शनांचा माग काढणारी सोय कर्नलचा कोड चालू असताना बदलत होती, आणि ज्या पत्त्यावर आधी मॉड्यूलचा मोकळा झालेला कोड होता तिथे आता कार्डाची फ्लॅश मॅप झालेली होती. एफट्रेस तिथे कंपेअर-एक्स्चेंज (आधीची किंमत जुळली तरच नवी ठेवणारी) इन्स्ट्रक्शन चालवत होतं. तुलना जुळली नाही तरी ती इन्स्ट्रक्शन वाचलेली किंमत परत लिहिते. साध्या मेमरीत त्यानं काही होत नाही, फ्लॅशच्या रजिस्टरांवर मात्र ते लिखाण ठरलं. जे मॅपच केलेलं नाही त्याला असा धक्का लागू शकत नाही.

सहावी पायरी : साखळ्या आणि आडवाटेची वाचनं

कॅपॅबिलिटींची (कार्डाच्या जादा सोयींची) यादी हेक्स ३४ वरच्या पॉइंटरनं सुरू होते आणि एकातून दुसऱ्याकडे जाते. ती स्वतः फिरू नका, पीसीआय_फाइंड_कॅपॅबिलिटी आणि विस्तारित भागासाठी पीसीआय_फाइंड_एक्स्ट_कॅपॅबिलिटी वापरा. बिघडलेल्या कार्डात ही साखळी स्वतःकडेच वळलेली असू शकते. कर्नलचं फंक्शन ४८ पावलांनंतर थांबतं, घाईत लिहिलेला लूप थांबत नाही. ० परत आलं तर ती कॅपॅबिलिटी नाही असा अर्थ. त्या ० मध्येच ऑफसेट मिळवून वाचलंत तर हेडरमधलं भलतंच काही हाती येईल.

व्हीपीडी, म्हणजे कार्डाचा सीरियल नंबर वगैरे जिथे असतो तो भाग, वाचताना तर प्रत्यक्षात लिहावंच लागतं. पत्ता रजिस्टरमध्ये टाकायचा, कार्ड १५ वं बिट १ करेपर्यंत थांबायचं, मग डेटा उचलायचा. दोन थ्रेडनी हे एकदम केलं तर एकाचा पत्ता आणि दुसऱ्याचा डेटा अशी सरमिसळ होते. पीसीआय_रीड_व्हीपीडी लॉक घेतं, तेच वापरा.

सातवी पायरी : एकदाच वाचा, तपासा, तीच प्रत वापरा

कार्डानं सांगितलेला आकडा म्हणजे बाहेरून आलेला इनपुट. त्याच्याशी युजरकडून आलेल्या डेटासारखंच वागा. २०१९ च्या थंडरक्लॅप संशोधनानं थंडरबोल्ट पोर्टला जोडलेलं दुष्ट डिव्हाइस कर्नलला कसं फसवू शकतं ते दाखवून दिलं. आणि दुष्ट हेतू नसला तरी फर्मवेअरमध्ये बग असतातच.

रजिस्टर एकदा वाचून मर्यादेत आहे का ते तपासलं, आणि वापरताना पुन्हा रजिस्टरच वाचलं, तर तपासणी वाया गेली. दोन वाचनांच्या मध्ये किंमत बदलू शकते. ऑफसेट आणि लांबी अशी जोडी आली तर त्यांची बेरीज बारच्या लांबीशी ताडून पाहण्याआधी ती ओव्हरफ्लो होत नाही ना ते चेक_अ‍ॅड_ओव्हरफ्लोनं बघा. ३२ बिटांत ऑफसेट एफएफएफएफएफएफएफ० आणि लांबी हेक्स २० असेल, तर बेरीज गुंडाळून हेक्स १० होते आणि कोणत्याही मर्यादेत आरामात बसते.

६४ बिटांचा काउंटर दोन ३२ बिटी तुकड्यांत वाचायचा असेल तर वरचा तुकडा, खालचा, पुन्हा वरचा असं वाचा. वरचे दोन जुळले नाहीत तर पुन्हा सुरुवात करा. व्हर्टआयओ १.० (व्हर्च्युअल मशीनमधल्या डिव्हाइसचं प्रमाण) मध्ये याच कामासाठी ‘कॉन्फिग जनरेशन’ नावाचा आकडा ठेवला आहे : आधी तो वाचा, मग कॉन्फिग, मग परत तो. बदलला असेल तर हाती आलेलं कॉन्फिग अर्धं जुनं, अर्धं नवं असू शकतं.

आठवी पायरी : डिव्हाइस ट्री असेल तर

इथे माहिती कार्डातून न येता फर्मवेअरनं दिलेल्या वर्णनातून येते, म्हणून बसचे धोके नाहीत. डिव्हाइस_प्रॉपर्टी_रीड_यू३२ वापरलं तर तोच कोड एसीपीआयवरही (पीसीत फर्मवेअर देतं त्या तशाच वर्णनावरही) चालतो. वाचन फसलं तर तुमच्या व्हेरिएबलला हात लागत नाही, त्यामुळे डिफॉल्ट किंमत आधीच भरून ठेवा. प्रॉपर्टी ऐच्छिक असेल तरी एरर सरसकट गिळू नका : प्रॉपर्टी नसणं म्हणजे ईइनव्हॅल, आणि ती आहे पण तिला किंमतच नाही म्हणजे ईनोडेटा. दुसऱ्या प्रकारात बोर्डाची फाइल चुकलेली आहे, आणि हे लिहिणाऱ्याला कळायला हवं. नोड (ट्रीतली एक नोंद) स्वतः शोधला असेल तर काम झाल्यावर ऑफ_नोड_पुट.

नववी पायरी : वाट पाहणारे लूप, आणि चाचणी

‘बिझी बिट शून्य होईपर्यंत वाच’ असा उघडा लूप कधीच लिहू नका. कार्ड निघालं की ते बिट कायमचं १. रीडएल_पोल_टाइमआउट घ्या, आणि अटीतच ‘सगळी बिटं १’ हेही थांबण्याचं कारण म्हणून घाला, म्हणजे गेलेल्या कार्डासाठी पूर्ण टाइमआउट वाया जाणार नाही.

चाचणीत सिसएफएसमधल्या ‘रिमूव्ह’ फाइलवर १ लिहून कार्ड काढा, बसच्या ‘रीस्कॅन’वर १ लिहून परत आणा, आणि हे लोड चालू असताना करा. ही काढणी शिस्तीची असते, कर्नल तुमच्या रिमूव्ह फंक्शनला आधी बोलावतं. अचानक उपटलेल्या कार्डाची नक्कल त्यानं होत नाही. त्यासाठी तुमची सगळी रजिस्टर वाचनं एकाच छोट्या इनलाइन फंक्शनमधून जाऊ द्या आणि त्यात डीबगएफएसचा (डीबगसाठी कर्नल दाखवतं त्या फाइलींतला) एक स्विच ठेवा : चालू केला की प्रत्येक वाचनाला सगळी बिटं १. कासान (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) चालू असलेल्या कर्नलवर हा स्विच प्रोबच्या आधी, प्रोब चालू असताना, आणि डेटा जात असताना दाबून पाहा. तिन्ही वेळा मशीन चालू राहिलं, थ्रेड अडकले नाहीत आणि लॉगमध्ये एनोडेव्ह आलं, तर तो पॅच रिव्ह्यूला पाठवायला हरकत नाही.